फ्लॅटमध्ये पिल्लू आणताना: पहिला महिना

कुत्र्याचं पिल्लू घरी आणायला शनिवारची सकाळ सगळ्यात सोयीची. संध्याकाळी आणलं तर घराचा वास घेऊन होतो न होतो तोच दिवे बंद होतात आणि पिल्लू एकटं पडतं. सकाळी आणलं तर रात्रीपर्यंत तीन-चार वेळा खाणं, चार-पाच झोपा आणि दहा-बारा वेळा शी-शू होऊन गेलेली असते. घरातल्या माणसांचा वासही नाकाला ओळखीचा झालेला असतो. पुढचे चार-पाच दिवस एक मोठं माणूस पूर्ण वेळ घरात हवं. ते जमत नसेल तर तारीख पुढे ढकला. पिल्लू आणून घरकामाच्या मावशींच्या भरवशावर ऑफिसला जाणं म्हणजे पहिल्याच आठवड्यात घोळ करून ठेवणं आहे.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकायलाही बंदी आहे. तरी पाच आठवड्यांचं गुबगुबीत पिल्लू ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणून हातात ठेवणारे भेटतात. हळूच ओठ बाजूला करून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात. मागच्या हिरड्या रिकाम्या दिसल्या तर वय वाढवून सांगितलंय. आई आणि भावंडांबरोबरच्या दंगामस्तीत पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं. लवकर तोडलेल्या पिल्लाचा हा अभ्यास अर्धवट राहतो आणि तो पुढे तुमच्या हातापायांवर पूर्ण होतो. रस्त्यावरचं, आई गेलेलं देशी पिल्लू असेल तर अर्थात थांबण्यात अर्थ नाही. त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

घेताना चार गोष्टी मागून घ्या: लसीकरणाचं कार्ड, जंताच्या औषधाचं नाव आणि तारीख, सध्या जे खातंय त्याचा आठवडाभराचा साठा, आणि आई-भावंडांच्या अंगाखालचं एखादं फडकं. हे फडकं न धुता आणा, वासासाठीच ते हवंय. प्रवासाआधी दोन-तीन तास खायला देऊ नका, गाडीत उलटी होते. मांडीवर जाड टॉवेल, खाली वर्तमानपत्र आणि सोबत एक प्लॅस्टिकची पिशवी असली की पुरे. स्कूटरवर पिशवीतून आणणं टाळा.

आधी घर, मग पिल्लू

सगळं घर पहिल्या दिवशी मोकळं सोडू नका. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. हॉलचा एक कोपरा निवडा, जिथे माणसांची ये-जा दिसते पण पायात कुणी येत नाही. तिथे साधारण चार फूट बाय चार फुटांचं कुंपण करा. तयार प्लेपेन मिळतो. लोखंडी जाळीचा पिंजरा वापरणार असाल तर पिल्लाला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच हवा. मोठा असला तर पिल्लू एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शू करतं. लॅब्रेडॉरसारख्या वाढणाऱ्या जातीसाठी मोठा पिंजरा घेऊन मध्ये पार्टिशन लावा आणि ते महिन्या-महिन्याला सरकवा. आत जुनी गोधडी किंवा सुती साडीच्या घड्या घाला. महागडी गादी आताच आणू नका, पहिल्या महिन्यात तिचा कापूस बाहेर येणार.

आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात. रोज घसरत वाढणाऱ्या पिल्लाच्या खुब्यांवर आणि गुडघ्यांवर ताण येतो, मोठ्या जातींत जास्त. त्याच्या फिरण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा खालून न सरकणारी सतरंजी टाका. नुसती सतरंजी टाकलीत तर ती स्वतःच घसरते.

मग गुडघे टेकून, पिल्लाच्या उंचीवरून घर बघा. बाल्कनीच्या ग्रिलची फट चार इंचांची असेल तर लहान पिल्लू त्यातून सहज निघतं. कबुतरांसाठी बसवतात ती जाळी खालपर्यंत घट्ट बांधून घ्या. चार्जरच्या वायरी, डासांच्या मशीनचं रिफिल, झुरळांचा खडू, कपाटातल्या डांबरगोळ्या, उंदराचं औषध या सगळ्यांची जागा आता खांद्याच्या वर. कुंड्यांमध्ये कण्हेर, बिट्टी, सायकस किंवा डिफेनबेकिया असेल तर त्या गच्चीत हलवा. देवघर जमिनीलगत असेल तर कापूर, तेल, वाती उचलून ठेवा. चपला दाराबाहेर न ठेवता बंद कपाटात ठेवा. चप्पल कुरतडू नको हे पिल्लाला शिकवायला तीन महिने लागतात, कपाटाचं दार लावायला तुम्हाला एक क्षण.

शी-शू

दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी धरता येत नाही. मुद्दाम घाण करण्याचा प्रश्नच येत नाही. ढोबळ हिशेब असा: वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास, आणि तेही शांत पडलेलं असताना. दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास. खेळत असेल तर अर्ध्या-पाऊण तासानेच.

न्यायच्या वेळा ठरलेल्या आहेत. झोपेतून उठल्या उठल्या. खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत. खेळ थांबला की. पाहुणा आला आणि अंग हलवून झालं की. झोपायच्या आधी. दिवसाला बारा-पंधरा फेऱ्या होतात, त्याला इलाज नाही. खेळता खेळता अचानक थांबणं, नाक जमिनीला लावून गोल फिरणं, दाराकडे किंवा पलंगामागे जाणं, ही सूचना समजा. तुमच्याकडे दहा सेकंद असतात.

जागा एकच ठेवा: बाल्कनीतला ट्रे, बाथरूमचा कोपरा किंवा लसीकरण पूर्ण झाल्यावर खालचा मातीचा पट्टा. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर सुरुवातीला बाल्कनीतला ट्रेच व्यवहार्य, कारण लिफ्ट येईपर्यंत काम झालेलं असतं. ट्रेमध्ये कृत्रिम हिरवळ किंवा खाली मातीचा पातळ थर घाला. वर्तमानपत्र स्वस्त पडतं पण त्यात एक गोम आहे: कागदावर करायची सवय लागलेलं पिल्लू सोफ्यावर वाचत बसलेल्या आजोबांच्या पायाशी पडलेल्या पुरवणीवरही तेच करतं. मातीची सवय पुढे बाहेर न्यायलाही उपयोगी पडते.

ट्रेवर नेऊन गप्प उभे राहा. बोलू नका, खेळवू नका. झालं की लगेच, दोन-तीन सेकंदांच्या आत, वाटाण्याएवढा खाऊ आणि एक ठरलेला शब्द. आत येऊन डबा उघडून मग खाऊ दिलात तर त्याच्या लेखी तो आत येण्याबद्दलचा खाऊ झाला. खाऊ खिशात असू द्या. पाच मिनिटांत काही झालं नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. कडेवर किंवा कुंपणात ठेवा आणि दहा मिनिटांनी परत न्या. ‘बाहेर नेलं तेव्हा केली नाही आणि आत येताच केली’ ही तक्रार बहुतेक वेळा या दहा मिनिटांत जन्मते.

घरात झालीच तर ओरडू नका. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी आपटणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि ट्रेवर तुम्ही शेजारी उभे असलात की करतच नाही. करताना सापडलं तर टाळी वाजवून थांबवा, उचला, ट्रेवर ठेवा. नंतर सापडलेलं डबकं नुसतं पुसा.

पुसायचं कसं हेही महत्त्वाचं. फिनाईलने आपल्याला स्वच्छ वाटतं, कुत्र्याच्या नाकाला खालचा वास येतच राहतो आणि ते तिथेच परत जातं. अमोनिया असलेली द्रावणं तर लघवीसारखीच वास मारतात. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रावण वापरा. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं मिसळून दहा मिनिटं राहू द्या. संगमरवरावर व्हिनेगर नको, डाग पडतात. आणि एक महिना सगळी पायपुसणी उचलून ठेवा. मऊ, शोषून घेणारी जागा पिल्लं शोधतातच, आणि दारातलं पायपुसणं त्यात पहिलं.

रात्र

पहिल्या तीन-चार रात्री पिल्लाला तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडला तर पोहोचेल इतक्या जवळ. खोक्यात किंवा पिंजऱ्यात ते आईजवळचं फडकं, आणि थंडीत गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून एका बाजूला. पिल्लाला तिच्यापासून दूर सरकायला जागा हवी. हॉलमध्ये एकटं ठेवून ‘रडून रडून गप्प होईल’ हा जुना सल्ला सोडून द्या. ते गप्प होतं ते थकून, आणि बंद दाराची भीती मागे राहते.

शेवटचं खाणं आठच्या सुमारास, झोपायच्या आधी एकदा ट्रे, आणि दोन-तीनच्या मध्ये गजर लावून एक फेरी. रडून उठवण्याआधी तुम्हीच उठा. ही फेरी अंधुक उजेडात, न बोलता. साडेतीन-चार महिन्यांपर्यंत बहुतेक पिल्लं रात्रभर धरू लागतात. पलंगावर घेणार की नाही ते घराने आधीच ठरवावं. दोन्ही चालतं, पण आज हो आणि उद्या नाही हे चालत नाही. पुढे हॉलमध्ये झोपवायचं असेल तर अंथरूण रोज दोन-तीन फूट सरकवत न्या.

खाणं

पहिला आठवडा जे खात होतं तेच, ते चांगलं नसलं तरी. बदलायचं असेल तर दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, नंतर दोन. तीन किलोच्या, दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण ४८० कॅलरी लागतात, म्हणजे बहुतेक पपी फूडचे (पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं) १२० ते १३० ग्रॅम, दर वेळी तीसेक ग्रॅम. पाकिटावरचा तक्ता आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. वाटीचा अंदाज दर माणसागणिक बदलतो. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात.

दूध-पोळी हे पिल्लाचं अन्न नाही. गाई-म्हशीच्या दुधातली साखर अनेक पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात आणि घरातले म्हणतात जागा बदलली म्हणून झालं. जुलाब नाही झाले तरी पोळी-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिनं आणि कॅल्शियम अपुरं पडतं आणि पाय वाकतात. मग कुणीतरी कॅल्शियमचं सिरप सुचवतं. चांगलं पपी फूड चालू असताना वरून कॅल्शियम देऊ नका. मोठ्या जातींच्या हाडांना जादा कॅल्शियमही बाधतं. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं चिकन किंवा अंडं, भात, लाल भोपळा किंवा गाजर, हे पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून. घर शाकाहारी असेल तर पनीर-डाळीवर पिल्लू वाढवण्याचा प्रयोग करू नका, पपी फूडचं पाकीट घरात येऊ द्या.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगम पूर्ण बंद. शिऱ्यातला बेदाणाही यातच धरा. शिजवलेली हाडं टोकदार तुकडे होऊन आतडं फाडतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ही आपली औषधं चुकूनही नाहीत.

पशुवैद्य आणि बाहेरची जमीन

आल्यापासून दोन-तीन दिवसांत एकदा दाखवून आणा. दवाखान्यात पिल्लाला जमिनीवर ठेवू नका. आजारी कुत्री तिथेच बसलेली असतात. पार्वो, डिस्टेंपर वगैरे विषाणूंच्या जीवघेण्या आजारांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा सोळा आठवडे झाल्यावर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीचं काम होऊ देत नाही आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी संपते, म्हणून इतके डोस. दोन देऊन थांबलेल्या पिल्लांना पार्वो होतो तो याच कारणाने. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध वजनावर, सुरुवातीला पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

डोस पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या आवारात, भटकी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पण घरात कोंडूनही ठेवू नका, कारण जग ओळखीचं होण्याचा काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातला आहे. यावर उपाय म्हणजे कडेवर घेऊन फिरणं. रोज पंधरा मिनिटं: रिक्षाचा आवाज, कुकरची शिट्टी, छत्री उघडताना, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, वॉचमन, लिफ्ट. घाबरलं तर लांब सरका आणि खाऊ द्या, जवळ ढकलू नका. दिवाळीच्या आधी आलेल्या पिल्लाला फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक आवाजात, जेवताना ऐकवत न्या.

गोचीड आपल्याकडे बारा महिने. कानामागे, मानेच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवा. गोचीड तापाने पिल्लू चार दिवसांत खंगतं. औषध लावताना पाकिटावरचं किमान वय आणि वजन वाचा, मोठ्या कुत्र्याचं उरलेलं औषध थेंबभरही नको.

उलटी आणि जुलाब एकत्र, शीमध्ये रक्त, फिकट हिरड्या, दोन खाणी सलग सोडली, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. एवढ्याशा अंगातलं पाणी एका रात्रीत संपतं.

चावणं, मुलं आणि घरातली माणसं

पिल्लू चावतं. सुईसारखे दात, आणि संध्याकाळी सात ते नऊ तर अंगात आल्यासारखं. पिल्लाला दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. शाळेतून आलेली मुलं, चहाला आलेले शेजारी आणि ऑफिसातून परतलेले बाबा ती मोडतात. संध्याकाळचं बरंचसं चावणं म्हणजे पेंगुळलेल्या पिल्लाची चिडचिड. दर तासाभराच्या जागेपणानंतर त्याला कुंपणात, पंख्याखाली, अंधार करून झोपवा. निम्मं चावणं एवढ्यानेच कमी होतं.

उरलेल्यासाठी: दात लागले की हात ढिला सोडा. खेचलात तर तो खेळ वाटतो. तोंडात दुसरी वस्तू द्या, ओलं करून पीळ घातलेलं आणि फ्रीजरमध्ये गोठवलेलं जाड फडकं, किंवा गार गाजर. फडकं नजरेसमोरच, नाहीतर त्याचे धागे पोटात जातात. परत चावलं तर काही न बोलता उठा, कुंपणाबाहेर जा, तीस सेकंदांनी परत या. घरातल्या सगळ्यांनी हेच केलं तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. दादा हाताने कुस्ती खेळतो आणि आई रागावते, असं असेल तर पिल्लू दादाचं ऐकतं. दुधाचे दात चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत सगळे बदलतात, तोवर चघळायला काहीतरी लागणारच.

मुलांना तीन नियम: जमिनीवर बसूनच हातात घ्यायचं, उचलून फिरायचं नाही. झोपलेल्याला आणि खाणाऱ्याला हात लावायचा नाही. पिल्लू कुंपणात गेलं की तो त्याचा वेळ. दहा वर्षांखालच्या मुलांजवळ एकटं सोडू नका.

दात किंवा नख लागून रक्त आलं, खरचटलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘घरचंच पिल्लू आहे, एवढंसं आहे’ हा विचार इथे कामाचा नाही. रेबीज लहान पिल्लांनाही होतो आणि तीन महिन्यांपर्यंत त्याला लस मिळालेली नसते. इंजेक्शनं लागतील की नाही ते डॉक्टर ठरवतील.

शब्दांवर एकमत करून फ्रिजवर कागद चिकटवा. आजी ‘बस’ म्हणते, मुलगी ‘सिट’, बाबा ‘खाली, खाली’, तर पिल्लासाठी ते तीन वेगळे आवाज आहेत. पहिल्या महिन्यात नाव, ‘ये’, ‘बस’ आणि ‘सोड’ एवढं पुरे, प्रत्येक वेळी दोन मिनिटं, खाण्याआधी. नाव रागावताना वापरू नका. ताटातलं द्यायचं नाही हा नियम आजी-आजोबांना पटणं सगळ्यात अवघड. त्यावर तोडगा म्हणजे दिवसाच्या खाण्यातले मूठभर दाणे सकाळीच त्यांच्या डबीत काढून द्या. लाड होतात आणि पोटही बिघडत नाही. घरकामाच्या मावशींना पिल्लाची भीती वाटत असेल तर त्या वेळी त्याला कुंपणात ठेवा. झाडूमागे धावायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून एकटं राहायची सवय सुरू करा. कुंपणात चघळायला देऊन दाराबाहेर जा, अर्ध्या मिनिटाने परत या, गाजावाजा न करता. मग दोन मिनिटं, पाच, पंधरा. रडायला लागलं तर वेळ फार वाढवलीत, मागे या. सगळे घरी असतात म्हणून हा भाग राहून जातो आणि मग सुट्टी संपल्यावर शेजारी भुंकण्याची तक्रार घेऊन येतात.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्टच्या वापरावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. भांडणात मात्र तुमची बाजू खालच्या मजल्यावरचा पुसलेला जिना जास्त धरतो, तेव्हा फिरायला जाताना पिशवी आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांमध्ये कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला मागतात. ती लस झाल्या आठवड्यातच अर्ज करून टाका.